थंडीत धावण्याची सवय टिकते कशी? – एका नवशिक्या बाईंचे मत



डिसेंबरच्या थंडीत पहाटे साडेपाचचा गजर वाजला की तुमच्या मनात पहिला विचार कोणता येतो? खरं सांगा. माझ्या मनात तर एकच येतो, 'आज नको, उद्यापासून नक्की.' हा 'उद्या' माझ्या आयुष्यात बरीच वर्षे मुक्कामाला होता. गेल्या हिवाळ्यात मी त्याला कसंबसं बाहेर काढलं. ते कसं जमलं आणि त्यातून शिक्षिका म्हणून मला काय कळलं, ते आज तुमच्याशी बोलायचं आहे.

मी निफाड तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते. वय ३७, नोकरीला १४ वर्षे झाली. महाराष्ट्रात थंडीची बातमी आली की निफाडचं नाव त्यात असतंच. इथे पारा एक आकडी होतो, कधी ५ अंशांच्याही खाली जातो. द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून बागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवून धूर करतात. अशा गावात, अशा हंगामात, ज्या बाईने डी.एड.नंतर एकदाही पळून पाहिलं नव्हतं तिने धावायला सुरुवात केली. हौस म्हणून नाही. दिवाळीच्या सुट्टीत रक्त तपासलं तर साखर सीमारेषेवर निघाली. माझ्या आईला मधुमेह आहे. तिचे पाय, तिचे डोळे, तिची इंजेक्शनं हे सगळं मी जवळून पाहिलेलं आहे. डॉक्टर म्हणाले, "गोळी आत्ताच नको. आधी खाणं सांभाळा, अंग हलवा. तीन महिन्यांनी पुन्हा बघू."

म्हणजे माझ्याकडे प्रेरणा भरपूर होती. भीतीइतकी मोठी प्रेरणा कोणती? तरीही चौथ्या दिवशी मी पांघरुणातच राहिले. पाचव्या दिवशीही. असे नऊ दिवस गेले. मग माझं मत असं झालं, आणि तेच या लेखात मांडायचं आहे: नवशिक्या माणसाला थंडीत टिकवून धरते ती इच्छाशक्ती नव्हे. आदल्या रात्रीची तयारी, झेपेल एवढा सराव आणि सोबतीला एक माणूस, एवढ्यावर तो टिकतो. आणि हे मोठ्यांच्या धावण्याइतकंच आपल्या वर्गातल्या मुलांनाही लागू आहे.

माझी पहिली चूक

पहिल्या दिवशी मी घरातून निघाले ती थेट पळतच. अंगात जाड स्वेटर, वर शाल, पायात बाजाराला जायची चप्पल-बूट म्हणता येईल अशी जोडी. गावाबाहेरच्या मारुतीच्या मंदिरापर्यंत जेमतेम पोहोचले आणि छातीत धाप, घशात जळजळ, बरगडीखाली कळ. वाटलं, आता इथेच बसावं. शेजारच्या काकूंनी दारातून पाहिलं आणि विचारलं, "काय मास्तरीणबाई, पोलीस भरतीला बसता का काय?" घरी आले तर सासूबाई म्हणाल्या, "एवढ्या थंडीत काय पळायचं गं? कुणी मागं लागलंय का?"

चार दिवसांत माझा निष्कर्ष तयार होता: आपल्याला हे जमणार नाही, आपल्यात जिद्दच नाही. आठवून पाहा, हेच वाक्य आपण किती मुलांच्या प्रगतिपत्रकावर वेगळ्या शब्दांत लिहिलं आहे? 'प्रयत्न कमी पडतात', 'लक्ष देत नाही', 'आळस करतो'. मूल का थांबलं, ते न पाहता आपण त्याच्या स्वभावावर शिक्का मारून मोकळे होतो. मी स्वतःवरही तोच शिक्का मारला होता.

ज्याला मी फेऱ्या मारायला लावल्या, तोच माझा गुरू

आमच्या गावच्या रस्त्यावर पहाटे भरतीची तयारी करणारी चार-पाच मुलं पळत असतात. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. त्यासाठी ही पोरं वर्षभर घाम गाळतात. दहाव्या दिवशी धीर करून मी पुन्हा बाहेर पडले, तेव्हा त्यातला एक जण थांबला. माझा जुना विद्यार्थी. चौथीपर्यंत माझ्याच हाताखाली होता.

म्हणाला, "बाई, तुम्ही लगेच पळायला लागता. आधी चाला. मग एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला. दम लागेपर्यंत पळायचंच नाही."

मी म्हटलं, "तुला रे कसं माहीत एवढं?"

तो हसला. "तुम्हीच शिकवलं की. उशीर झाला की ग्राउंडला दोन फेऱ्या द्यायच्या तुम्ही. मला आवडायच्या त्या." मग जरा थांबून म्हणाला, "पण माझ्या शेजारी बसायचा ना, तो त्या फेऱ्यांमुळे शनिवारी शाळेतच यायचा नाही."

त्या दिवशी मी फार पळाले नाही. शनिवारी आमची सकाळची शाळा असते. थंडीत पोरं हात खिशात घालून, नाक ओढत येतात. उशिरा येणाऱ्याला मैदानाच्या दोन फेऱ्या हा माझा तेव्हाचा नियम होता. 'पळाल की अंग गरम होईल, शिस्तही लागेल,' असं मी मोठ्या अभिमानाने सांगायचे. तो दुसरा मुलगा मळ्यातून चालत यायचा. त्याचे आईवडील पहाटेच कामाला जायचे आणि धाकट्या बहिणीला तयार करून आणायचं काम त्याच्याकडे होतं. हजेरीपटावर त्याच्या शनिवारी गैरहजेरी लागायची, हे मला आठवत होतं. कारण मात्र मी कधीच विचारलं नव्हतं.

मंडळी, आपण पिढ्यान्‌पिढ्या धावणं ही शिक्षा म्हणून वापरली. उशीर झाला, पळा. गृहपाठ नाही, पळा. गडबड केली, पळा. मग हीच मुलं मोठी झाल्यावर 'व्यायामाचा कंटाळा येतो' म्हणतात, तेव्हा आपण त्यांनाच दोष देतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास द्यायला मनाई केली आहे. मी छडी कधी हातात घेतली नाही म्हणून स्वतःला फार चांगली शिक्षिका समजत होते. फेऱ्यांचा हिशेब मात्र मी कुठेच धरला नव्हता.

डी.एड.ला पाठ केलेले तीन नियम

डी.एड.ला आपण सगळ्यांनी थॉर्नडाइकचे अध्ययनाचे तीन नियम पाठ केले आहेत. सज्जतेचा नियम, सरावाचा नियम, परिणामाचा नियम. परीक्षेत पाच गुणांना यायचे. मला ते खऱ्या अर्थाने कळले ते निफाडच्या थंडीत, रस्त्यावर.

१) सज्जता: लढाई रात्रीच जिंकायची

माणसाच्या शरीराचं तापमान पहाटे सर्वांत कमी असतं. त्यात बाहेर थंडी, स्नायू आखडलेले, अंधार. जानेवारीच्या सुरुवातीला आमच्याकडे सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. अशा वेळी मन 'नको' म्हणतं ते आळशी आहे म्हणून नव्हे, शरीरच तसं सांगत असतं. त्यामुळे जायचं की नाही, हा प्रश्न पहाटे साडेपाचला स्वतःला विचारायचाच नाही. तो रात्री नऊलाच सोडवायचा.

मी काय केलं, ते सांगते:

• कपडे उशाशी. थंडीचे दोन महिने मी धावायची पँट आणि मोजे घालूनच झोपले. हसू नका, याने फार फरक पडला.
• गजराचा मोबाईल स्वयंपाकघरात. बंद करायला उठावंच लागतं.
• बूट दारातच. पहिल्या पगारातून नाही, पण दुसऱ्या महिन्यात साधे धावण्याचे बूट घेतले. महागाचे नाहीत, पण पायाला नीट बसणारे.
• एक जाड स्वेटर घालण्यापेक्षा दोन-तीन पातळ थर. आत घाम शोषून लवकर वाळणारा टीशर्ट, वर पातळ जॅकेट, कानाला रुमाल. अंग गरम झालं की जॅकेट कमरेला बांधायचं. दारातून निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. वाजली नाही तर समजा, कपडे जास्त झाले.
• घराबाहेर पडण्याआधी आतच पाच-सात मिनिटं अंग गरम करणं. जागच्या जागी चालणं, गुडघे वर घेणं, घोटे आणि खांदे फिरवणं. परिपाठानंतर आपण मुलांकडून करून घेतो तीच कवायत.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, मी स्वतःला एक मुभा दिली. फक्त दहा मिनिटं जायचं. दहा मिनिटांनंतरही नकोसं वाटलं तर खुशाल परत यायचं आणि तो दिवसही 'गेले' म्हणूनच धरायचा. सबंध डिसेंबरात मी दोनदाच परत आले. कारण थंडीतलं खरं संकट पहिल्या दहा मिनिटांचंच असतं. एकदा अंगात ऊब आली की त्याच थंडीत बरं वाटायला लागतं.

२) सराव: बेचा पाढा म्हणता आला पाहिजे

त्या मुलाने सांगितलं तसं मी एक मिनिट पळणं आणि दोन मिनिटं चालणं सुरू केलं. आठ वेळा केलं की २४ मिनिटं होतात. आठवड्यातून तीनच दिवस. दोन आठवड्यांनी दीड मिनिट पळणं, मग दोन मिनिटं. मध्ये एकदा जोर चढला, सलग पाच दिवस पळाले आणि नडगी दुखायला लागली. आठवडाभर घरी बसावं लागलं. नवशिक्याच्या हाडांना आणि स्नायूंना सवय व्हायला वेळ लागतो, उत्साहाला लागत नाही. गोंधळ तिथेच होतो.

वेग किती ठेवायचा? याला माझी एक मास्तरकीची युक्ती आहे. पळताना मोठ्याने पाढा म्हणायचा. बे एके बे, बे दुणे चार असं सलग म्हणता आलं तर वेग बरोबर. 'बे त्रिक' म्हणतानाच धाप लागली तर वेग जास्त, लगेच चालायला लागायचं. घड्याळ नको, मोबाईलमधलं ॲप नको. आता रस्त्याच्या कडेला कांदालागवडीला निघालेल्या बायका मला पाढे म्हणताना ऐकून हसतात. हसू देत.

त्या बायकांबद्दल एक सांगितलंच पाहिजे. त्या माझ्याही आधी उठलेल्या असतात. पिकअपमध्ये मागे उभ्या राहून, डोक्याला स्कार्फ गुंडाळून त्या ओल्या वाफ्यात कांद्याची रोपं लावायला जातात. त्यांना 'प्रेरणा कुठून मिळते' असं कोणी विचारत नाही. त्यांच्याकडे पाहिलं की आपल्या धावण्याचं कौतुक आपोआप आवरतं.

३) परिणाम: शाबासकी छोटी, पण लगेच

साखर कमी झाली का, हे तीन महिन्यांनी कळणार. वजन तर महिन्याभरात हललंच नाही. इतक्या लांबच्या फळावर नवशिका टिकत नाही. म्हणून मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येक दिवशी टिकलीच चिकटवायला लागले. पळालेल्या दिवशी लाल, दहा मिनिटांत परतलेल्या दिवशी हिरवी. माझी दुसरीतली लेक सकाळी उठल्यावर पहिलं तेच पाहायची. "आई, आज टिकली नाही?" या प्रश्नात ओरडा नव्हता, पण दुसऱ्या दिवशी मी उठायचे.

पुढे थॉर्नडाइकने स्वतःच आपल्या परिणामाच्या नियमात दुरुस्ती केली होती. बक्षिसाने एखादी गोष्ट जितकी पक्की होते, तितकी शिक्षेने ती पुसली जात नाही, असं त्याच्या लक्षात आलं. आपण डी.एड.ला पहिला भाग घोकला आणि दुरुस्ती वाचायची राहून गेली, असं मला वाटतं.

'थंडी संपू दे, मग सुरू करू'

हे मला अनेकांनी सांगितलं. सहकारी म्हणाले, "मार्चपासून चालू करा ना." पण विचार करा. धावताना शरीरात खूप उष्णता तयार होते. उन्हात ती बाहेर टाकायला हृदयाला जादा काम करावं लागतं. गार हवेत ती सहज निघून जाते. म्हणूनच २००४ पासून होणारी मुंबई मॅरेथॉन जानेवारीत असते, मे महिन्यात नाही. आपल्या महाराष्ट्रात तर धावायला शिकण्यासाठी हिवाळा हाच सगळ्यांत सोयीचा काळ. मार्चअखेर आमच्याकडे सकाळी आठलाच ऊन चटके देतं. म्हणजे थंडी संपेपर्यंत थांबणारा उन्हाळ्यात पुन्हा थांबणार आणि पावसाळ्यात चिखलाला नावं ठेवणार.

मात्र धाडस आणि वेडेपणा यात फरक आहे. काही गोष्टी सांभाळाच:

• रक्तदाब, हृदयविकार किंवा दमा असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय थंडीत पळायला सुरुवात करू नका. थंडीत रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो. गार, कोरड्या हवेने दमेकऱ्याची श्वासनलिका आवळते.
• छातीत दुखलं, चक्कर आली, डावा हात किंवा जबडा दुखायला लागला तर थांबा आणि दवाखाना गाठा. 'थोडं सहन करू' हे इथे चालत नाही.
• थंडीत पहाटे धूर जमिनीलगतच साचून राहतो. शेकोट्यांचा, कचऱ्याचा, गाड्यांचा. धूर दिसला तर त्या बाजूला जाऊ नका किंवा ऊन वर आल्यावर निघा.
• तहान लागत नाही म्हणून पाणी टाळू नका. घाम थंडीतही येतोच.
• परतल्यावर ओल्या कपड्यांत गप्पा मारत उभं राहू नका. आधी कपडे बदला.
• अंधारात फिकट रंगाचे कपडे घाला, हातात बॅटरी ठेवा, वाहनं समोरून येताना दिसतील अशा बाजूने पळा.

आणि पहाटेच पळलं पाहिजे, असं कुठे लिहिलं आहे? ज्यांना जमत नाही त्यांनी संध्याकाळी शाळा सुटल्यावर पळावं. रविवारी मी आठ वाजता, कोवळ्या उन्हात जाते. तेही धावणंच आहे.

एकटीने जमत नाही, आणि त्यात लाज कसली?

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या गावच्या अंगणवाडीताई माझ्यासोबत यायला लागल्या. त्या पळत नाहीत, झपझप चालतात. मी पळून पुढे जाते आणि वळून त्यांच्याकडे परत येते. पण कोपऱ्यावर कोणीतरी थंडीत कुडकुडत आपली वाट पाहत उभं आहे, हे माहीत असलं की पांघरूण आपोआप बाजूला होतं. शिवाय अंधारात कुत्री मागे लागण्याची आणि एकट्या बाईकडे वळून पाहणाऱ्या नजरांची जी भीती असते, तीही दोघी असलो की निम्मी होते. पुरुष मित्रांनो, 'सकाळी उठा आणि पळा' हे सांगताना ही गोष्ट तुमच्या ध्यानात येत नाही.

दुसरी गोष्ट घराची. सकाळी साडेपाच ते सव्वासहा ही ४५ मिनिटं माझी नव्हतीच. चहा, दोन डबे, पाणी तापवणं, लेकीची वेणी. पहिल्या आठवड्यात मी पळून आल्यावर हे सगळं धावतपळत केलं आणि शाळेत पेंगले. मग घरात सरळ बोलले. आता आठवड्यातले तीन दिवस चहा आणि पाणी 'हे' बघतात आणि वेणी आई घालतात. हो, त्याच आमच्या सासूबाई, ज्यांनी विचारलं होतं कुणी मागं लागलंय का. आता त्या मी उठले नाही तर म्हणतात, "अगं, ती अंगणवाडीची बाई थांबली असेल की!" घरातल्या बाईला 'तुला इच्छाच नाही' असं म्हणण्याआधी तिला दिवसातली ४५ मिनिटं मिळतात का, एवढं घरच्यांनी पाहावं. वर्गातल्या मुलांचंही तसंच. घरी बसून वाचायला त्याला जागा आहे का, वेळ आहे का, हे न पाहता आपण 'अभ्यास करत नाही' असा शेरा देतो.

आमच्याच जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांचं उदाहरण आपण मुलांना नेहमी सांगतो. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर शर्यतीत कांस्य, त्याच वर्षी ग्वांगझू आशियाई स्पर्धेत रौप्य. पाड्यावरची मुलगी जिद्दीने मोठी झाली, असं आपण सांगतो आणि थांबतो. जिद्द होतीच. पण नाशिकमध्ये प्रशिक्षक विजेंदर सिंग यांच्याकडे त्यांनी सराव केला, हा भाग आपण गाळतो. कोणीतरी पाहणारं, शिकवणारं, चुकलं तर सांगणारं होतं. तेवढा मोठा गुण असलेल्या खेळाडूला जर सोबत लागते, तर तुमच्या-माझ्यासारख्या नवशिक्याला आणि तिसरीत अडखळत वाचणाऱ्या पोराला का लागू नये?

वर्गात काय बदललं?

माझ्या वर्गात गेल्या वर्षी एक मुलगा होता. जोडाक्षर आलं की थांबायचा, मग पुस्तकच मिटायचा. माझी सवय होती, 'वाच, पुढे वाच, थांबू नकोस.' म्हणजे मी त्याला पहिल्याच दिवशी मंदिरापर्यंत पळवत होते. जानेवारीत मी त्याच्यासोबत माझंच वेळापत्रक वापरून पाहिलं. एक मिनिट त्याने वाचायचं, दोन मिनिटं मी किंवा त्याच्या जोडीदाराने वाचायचं आणि त्याने बोट फिरवत ऐकायचं. दिवसातून चार वेळा, बस. वर्ष संपेपर्यंत तो फार वेगाने वाचायला लागला, असं मी म्हणणार नाही. पण त्याने पुस्तक मिटणं बंद केलं. शिकणाऱ्याने पुस्तक मिटलं नाही की पुढचं होत राहतं.

आणि शनिवारच्या फेऱ्या? त्या बंद नाही केल्या. शिक्षा म्हणून बंद केल्या. आता शनिवारी परिपाठाआधी मीच मैदानात पळायला सुरुवात करते. ज्याला यायचं त्याने यावं, ज्याला चालायचं त्याने चालावं, उशिरा आलेल्याने मधूनच सामील व्हावं. पहिल्या शनिवारी सहा पोरं आली. पुढे पुढे निम्मी शाळा यायला लागली. एक छोटी मुलगी मला ओलांडून पुढे जाते आणि मागे वळून ओरडते, "बाई, चाला तुम्ही, दम लागेल!" उशिरा येणारी मुलं अजूनही दोन-तीन आहेत. पण आता ती येतात. त्यांना मी आधी विचारते, 'काय झालं रे आज?' आणि बहुतेक वेळा उत्तर घरातल्या एखाद्या कामाचंच असतं.

मग शिस्तीचं काय, असं तुम्ही विचाराल. शिस्त हवीच. पण कोणी ओरडत नसताना, थंडीत, अंधारात मी बूट घालते, तीच माझी शिस्त. ती मला कोणाच्या ओरडण्याने आली नाही. कोपऱ्यावर उभ्या असलेल्या ताईंमुळे आली, लाल टिकलीमुळे आली आणि 'आधी चाला' असं सांगणाऱ्या जुन्या विद्यार्थ्यामुळे आली.

तीन महिन्यांनी मी पुन्हा रक्त तपासलं. साखर थोडी उतरली होती. जेवणही बदललं होतं, त्यामुळे सगळं श्रेय धावण्याला देत नाही. डॉक्टर म्हणाले, "चालू ठेवा." यंदाच्या थंडीत मी न थांबता वीस मिनिटं पळते, तेही पाढा म्हणत. वेग विचाराल तर भरतीची मुलं मला दोनदा ओलांडून जातात.

त्यातला तो मुलगा परवा भेटला. मी त्याला म्हटलं, तुझ्या शेजारी बसायचा त्याला एकदा घेऊन ये, मला त्याच्याशी बोलायचं आहे. तो म्हणाला, "कशाला बाई, दहा वर्षं झाली." मी म्हटलं, माझ्याकडून एक फेरी राहिली आहे, ती पूर्ण करायची आहे. बघू, येतो का.

तर शिक्षक मित्रांनो, पालकहो, आज रात्री झोपताना बूट दारात ठेवा. उद्या दहाच मिनिटं जा. आणि येत्या शनिवारी कोणी मूल उशिरा आलं तर त्याला फेऱ्या मारायला लावू नका. त्याच्यासोबत एक फेरी मारा आणि पळता पळता विचारा, उशीर का झाला ते.